तुटलेल्या टायमिंग बेल्टचा पंचनामा

टायमिंग बेल्ट तुटला की बहुतेक ठिकाणी क्रम ठरलेला असतो. जुना पट्टा कोपऱ्यात फेकायचा, त्याच नंबरचा नवा चढवायचा, मशीन सुरू करायचं. नवाही लवकर गेला की "माल हलका निघाला" म्हणायचं. पण दातेरी पट्टा स्वतःच्या दोषाने फार क्वचित जातो. ताण चुकलेला असतो, पुल्या एका रेषेत नसतात, पुलीचे दाते खाल्लेले असतात, मोटारचा बेस सरकलेला असतो. कारण पट्ट्याबाहेर असतं, खुणा मात्र पट्ट्यावर उमटतात. मेंटेनन्सच्या कामात नव्याने आलेल्यांनी या खुणा कशा वाचायच्या आणि कोणत्या क्रमाने तपास करायचा, ते इथे सांगतो.

पट्ट्याच्या आत काय असतं

वरून दिसतं ते काळं रबर किंवा पांढरट पॉलियुरेथेन. पण ओढ सहन करतात ते आतले उभे दोरे. ते काचतंतूचे, अरामिडचे, पोलादाचे किंवा कार्बनचे असतात. रबरी पट्ट्यात दात्यांच्या बाजूला नायलॉनचं विणलेलं कापड असतं. पुलीशी रोजचं घर्षण हे कापड झेलतं. म्हणून कापड झिजून आतलं रबर दिसू लागलं, की त्या पट्ट्याचे थोडेच दिवस राहिले असं समजा.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. "पट्टा ताणला गेला, म्हणून सैल झाला" हे वाक्य व्ही-बेल्टच्या (बिनदात्यांच्या, खाचेतल्या घर्षणावर चालणाऱ्या पट्ट्याच्या) सवयीतून येतं. दातेरी पट्ट्याचे दोरे जवळजवळ लांबत नाहीत. नवीन पट्टा सुरुवातीला दात्यांत नीट बसतो तेव्हा ताण थोडा उतरतो, तेवढं साहजिक आहे. त्यानंतरही पट्टा पुन्हा पुन्हा सैल होत असेल तर मोटारच्या बेसचे बोल्ट, स्लाइड, बेअरिंग आणि पुलीची झीज बघा. पट्टा घट्ट करत राहून तो प्रश्न सुटत नाही.

पहिलं काम: मशीन खरोखर बंद करा

मेन स्विच बंद करा, त्याला कुलूप लावा, पाटी अडकवा. एवढ्यावर थांबू नका. पट्टा उभ्या अक्षावरचा भार तोलून धरत असेल तर तो काढताच भार खाली येतो. ब्रेक आहे, असला तरी धरतो आहे का, याची खात्री करा. शंका असेल तर भाराखाली ठोकळा किंवा आधार द्या. स्प्रिंगचा टेन्शनर (पट्टा ताणून धरणारा भाग) असेल तर तोही ताण धरून बसलेला असतो. पट्टा हाताने फिरवताना बोटं पुलीत जाणाऱ्या बाजूला नेऊ नका. हाताने फिरणाऱ्या पुलीतही बोट चिरडू शकतं.

काढण्याआधी जे दिसतं ते टिपा

घाई इथेच नडते. पट्टा काढला की निम्मा पुरावा गेला. म्हणून काही पुसण्याआधी फोटो काढा. पट्टा फिरण्याची दिशा आणि बाहेरची कड कोणती, हे पट्ट्याच्या पाठीवर खडूने लिहा.

गार्डच्या तळाशी साचलेली पूड नीट पहा. काळी पूड म्हणजे रबर. चमकदार करडी पूड असेल तर ॲल्युमिनियमची पुली झिजते आहे. तांबूस, गंजासारखी पूड पुलीच्या भोकाजवळ किंवा कीच्या (पुली शाफ्टवर घसरू नये म्हणून बसवलेल्या चावीच्या) कडेला दिसली तर पुली शाफ्टवर सूक्ष्मपणे हलते आहे. टेपर बुश (पुली शाफ्टवर आवळणारी निमुळती बाही) सैल असेल किंवा कीचा गाळा मोठा झाला असेल. हे पट्टा बदलून कधीच बरं होणार नाही. कडेला बारीक लोंबते धागे दिसले तर आतले दोरे उघडे पडलेत.

मशीन चालू असताना आवाज ऐकला असेल तर तोही लिहून ठेवा. दाते पुलीत बसण्याचा एक सूर असतो. त्याची वारंवारता म्हणजे पुलीचे दाते गुणिले मिनिटाचे फेरे, भागिले ६०. ३२ दात्यांची पुली १५०० फेऱ्यांनी फिरत असेल तर ८०० हर्ट्झ. हा सूर पूर्वीपेक्षा कर्कश झाला असेल तर ताण जास्त झाला असण्याची शक्यता आहे. फटफट आवाज म्हणजे सैल पट्टा. घासल्यासारखा आवाज असेल तर पट्टा फ्लँजवर, म्हणजे पुलीच्या बाजूच्या उंच कडेवर, चढतो आहे. ठरावीक अंतराने ठक्‌ ऐकू आलं तर ते पुलीच्या फेऱ्याला येतं की पट्ट्याच्या, हे ओळखा. १२० दात्यांचा पट्टा आणि ३० दात्यांची पुली असेल तर पुलीचे ४ फेरे होतात तेव्हा पट्टा एकदा फिरतो. पट्ट्यावर खडूची रेघ मारून हाताने हळू फिरवलं तर फरक लगेच कळतो.

पट्टा कसा काढावा

मोटारचे बोल्ट सैल करा, मध्यांतर (दोन पुल्यांच्या मध्यांमधलं अंतर) कमी करा आणि पट्टा हलकेच बाहेर काढा. स्क्रूड्रायव्हर किंवा टॉमी घालून उपसायचा नाही. तुटलेला पट्टा असला तरी नाही, कारण कडेवर पडलेला तुमचा ओरखडा नंतर मूळ दोषाची खूण वाटेल. काढलेला पट्टा दुमडू नका. स्वच्छ टेबलावर पूर्ण पसरा आणि दाते वर करून चांगल्या उजेडात एकेक दाता बघत जा.

आता खुणा वाचू

तुटलेल्या पट्ट्याचं टोक सगळ्यात बोलकं असतं. सुरीने कापल्यासारखी सरळ, आडवी तूट असेल तर पट्टा आधी कुठेतरी दुमडला गेला होता. काचतंतूला ओढ चालते, तीव्र वाक चालत नाही. गोदामात खिळ्याला लटकवला, खोक्यात घडी करून ठेवला, चढवताना उपसला किंवा त्याच्या किमान व्यासापेक्षा लहान पुलीवर चालवला, की दोरे आतल्या आत तुटतात. बाहेरून काही दिसत नाही आणि पुढे भार आला की पट्टा त्याच जागी तुटतो. पुलीच्या दात्यात अडकलेला खडा किंवा चिप हेही याचं कारण असतं, कारण पट्टा त्या जागी टोकदार वळतो.

टोक वेडंवाकडं असेल, दोरे वेगवेगळ्या लांबीचे आणि विस्कटलेले असतील, तर अचानक मोठा झटका बसला आहे. मशीन जाम झालं, थेट पूर्ण व्होल्टेजने चालू केलं, किंवा आपत्कालीन ब्रेक लागला. मशीन कुठे अडकलं होतं ते ऑपरेटरला विचारा, पण रागावून नाही. रागावलात तर खरं उत्तर मिळणार नाही.

दाते उपटले असतील तर मुळाशी पहा. दात्याच्या मुळाला तडा जातो, मग तो पुढे सरकतो आणि दाता निघतो. सगळ्यात जास्त आढळणारं कारण म्हणजे कमी ताण. पट्टा सैल असला की दाता पुलीच्या खाचेत पूर्ण बसत नाही, वर चढतो. त्यामुळे भार मुळावर न येता टोकाकडे येतो आणि दाता मागे वाकतो. अशा पट्ट्यावर दात्याच्या बाजू आकड्यासारख्या कोरलेल्या दिसतात. आणखी सैल असेल तर सुरू होतानाच्या झटक्याला पट्टा एक दाता उडी मारतो. "पट्टा धडधाकट आहे पण टायमिंग चुकतं" अशी तक्रार आली की हेच तपासा. थंड, उभ्या मशीनवर ताण बरोबर निघाला तरी निश्चिंत होऊ नका. बेस कमकुवत असेल तर भाराखाली तो वाकतो, मध्यांतर कमी होतं आणि पट्टा तेवढ्यापुरता सैल पडतो.

दाते उपटण्याचं दुसरं कारण म्हणजे लहान पुलीवर फारच थोडे दाते पकडीत असणं. नियम असा की एका वेळी निदान ६ दाते पुलीत हवेत. ५ असतील तर पट्ट्याची क्षमता ८० टक्के धरायची, ४ असतील तर ६० टक्के. पुल्यांचं प्रमाण मोठं आणि मध्यांतर कमी अशा जागी हे मोजून पहाच. आराखडाच तसा असेल तर कितीही चांगला पट्टा आणा, दाते जाणारच.

जास्त ताणाची खूण वेगळ्या जागी उमटते. दात्यांच्या मधल्या सपाट भागावरचं कापड चकचकीत होतं, मग झिजतं, शेवटी आतले दोरे दिसू लागतात. दाते मात्र बऱ्यापैकी शाबूत राहतात. म्हणजे दाते गेले आणि मधला सपाट भाग चांगला असेल तर ताण कमी होता. सपाट भाग गेला आणि दाते चांगले असतील तर ताण जास्त होता. अपवाद आहेत, पण नव्या माणसाने पहिला अंदाज यावर बांधायला हरकत नाही. जास्त ताणात बेअरिंगही तापतं आणि लवकर जातं, तेव्हा तिकडेही हात लावून पहा.

एकच कड झिजली असेल, तिथलं रबर गोळ्या होऊन निघालं असेल, तर अलाइनमेंट चुकली आहे, म्हणजे पुल्या एका रेषेत नाहीत. पट्टा एका फ्लँजला हलकासा टेकून चालतो हे ठीक. सगळे पट्टे थोडे एका बाजूला सरकतातच. पण कडेवर जोर येत असेल, फ्लँज आतून घासून चमकत असेल, तर दुरुस्ती हवी. दाते एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी झिजले असतील तर शाफ्ट समांतर नाहीत हे जवळजवळ नक्की.

पाठीवर आडव्या बारीक भेगा आणि कडक झालेलं रबर ही उष्णतेची खूण. सर्वसाधारण निओप्रीनचे पट्टे साधारण ८५ अंश सेल्सिअसपर्यंतच चांगले चालतात. उलट रबर मऊ, चिकट, फुगलेलं असेल तर तेल किंवा रसायन पोचलं आहे. मग गळती शोधा. आणि पट्ट्यावर बेल्ट ड्रेसिंगचा फवारा मारू नका. या पट्ट्याला पकड दात्यांनी मिळते, चिकटपणाने नाही. फवाऱ्याने धूळ तेवढी चिकटते.

दाते मोजा, पुली सापडते

ही युक्ती फार कमी लोक वापरतात, आणि मला ती सगळ्यात आवडते. पट्ट्यावर ठरावीक अंतराने एकसारखी इजा दिसली तर दोन इजांमधले दाते मोजा. पुलीचा एखादाच दाता खराब असेल तर तो पट्ट्याच्या ठरावीक दात्यांनाच भेटतो. १२० दात्यांच्या पट्ट्यावर ३० दात्यांची पुली असेल तर दर ३० व्या दात्याला इजा दिसेल. पुली ३६ दात्यांची असेल तर? १२० आणि ३६ चा मसावि १२. म्हणून इजा दर १२ व्या दात्याला दिसेल. अंतर ३० आलं तर ३० दात्यांच्या पुलीवर, १२ आलं तर ३६ च्या पुलीवर बोट ठेवा. शाळेतला मसावि असा कामाला येतो.

पट्ट्याचे दाते १२१ असतील तर ही खूण मिळणार नाही, कारण पुलीचा खराब दाता फिरत फिरत पट्ट्याच्या सगळ्याच दात्यांना भेटतो आणि झीज सगळीकडे सारखी पसरते. इजा एकाच जागी असेल आणि बाकी पट्टा चांगला असेल, तर ती हाताळणीची किंवा एखाद्या प्रसंगाची. पुलीला दोष देऊ नका.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. चालक (मोटारकडच्या) पुलीचे दाते पट्ट्याच्या दात्याला मागून ढकलतात, तर चालित (पट्ट्याने फिरणाऱ्या) पुलीला पट्ट्याचा दाता आपल्या पुढच्या बाजूने ढकलतो. तुम्ही दिशा खडूने लिहून ठेवली असेल तर दात्याची कोणती बाजू जास्त खाल्ली गेली यावरून कोणत्या पुलीकडे आधी पाहायचं ते ठरवता येतं. मशीन दोन्ही दिशांनी फिरत असेल तर मात्र या खुणेवर विसंबू नका.

पुली तपासल्याशिवाय नवा पट्टा नको

पुली साफ करा, ब्रश आणि कोरड्या कापडाने. दात्याच्या बाजूवरून नख फिरवा. पायरी लागली, कड धारदार वाटली किंवा दाता एका बाजूला वाकलेल्या आकड्यासारखा दिसला तर पुली बदला. नव्या पट्ट्याचा तुकडा मिळाला तर पुलीवर बसवून उजेडासमोर धरा, फट दिसते.

बाहेरचा व्यास झिजला असेल तर नुकसान जास्त आणि दिसतं कमी. पट्ट्याची पिच (एका दात्यापासून पुढच्या दात्यापर्यंतचं अंतर) आतल्या दोऱ्यांच्या रेषेवर मोजली जाते आणि ती रेषा पुलीच्या बाहेरच्या कडेच्याही वर असते. पुलीचा व्यास घटला की तिच्यावर बसणाऱ्या पट्ट्याची पिच जुळत नाही, आणि आत शिरणारा प्रत्येक दाता खाचेच्या कडेला घासत जातो. नवा पट्टा महिनाभरात खाऊन टाकणाऱ्या जुन्या पुल्या मी बहुतेक याच प्रकारच्या पाहिल्या आहेत. पुली वाचवायला जाऊन पट्टे पुरे पडत नाहीत.

याच जागी चुकीचा पट्टाही पकडता येतो. एक्सएल पट्ट्याची पिच ५.०८ मिमी असते आणि टी५ ची ५ मिमी. हातात घेतले तर दोन्ही सारखेच वाटतात. पण १२ दात्यांवर जवळपास १ मिमी फरक पडतो, म्हणजे पट्टा कधीच नीट बसत नाही. पिच सारखी पण दात्याचा आकार वेगळा असाही गोंधळ होतो: समलंब दात्याचा पट्टा गोलसर खाचेच्या पुलीवर. पट्ट्यावरचा छापील कोड पुलीच्या प्रोफाइलशी जुळवूनच खरेदी करा. "दिसायला तोच आहे" हे कारण चालणार नाही.

अलाइनमेंट

सरळ पट्टी किंवा ताणलेली दोरी दोन्ही पुल्यांच्या बाजूला लावा. दोन्ही पुल्यांच्या दोन्ही कडा पट्टीला टेकल्या पाहिजेत. पुल्यांची कड वेगळ्या जाडीची असेल तर तेवढा फरक धरा, नाहीतर चांगली अलाइनमेंट बिघडवून बसाल. दातेरी पट्ट्याला साधारण पाव अंशापर्यंतच चूक सोसते, म्हणजे मीटरला ४ ते ५ मिमी. व्ही-बेल्ट यापेक्षा जास्त खपवून घेतो, म्हणून तिकडचा अंदाज इथे वापरू नका. अलाइनमेंट ताण देण्याआधी एकदा आणि ताण दिल्यावर पुन्हा बघा. बोल्ट आवळताना मोटार वळतेच.

ताण मोजा, अंगठ्याने दाबून ठरवू नका

दोन सोप्या पद्धती आहेत. पहिली वजनाची. मोकळ्या भागाच्या मध्यावर काटकोनात स्प्रिंग काट्याने दाब द्या आणि मोकळ्या लांबीचा ६४ वा भाग एवढा पट्टा झुकायला किती बळ लागतं ते वाचा. ६४० मिमीच्या मोकळ्या भागाला झुकाव १० मिमी. मिळालेलं बळ पट्ट्याच्या उत्पादकाने दिलेल्या आकड्याशी ताडून बघा. पट्टा रुंद असेल तर दाब सगळ्या रुंदीवर पसरावा म्हणून मध्ये एक पट्टी आडवी ठेवा.

दुसरी पद्धत आवाजाची, आणि माझ्या मते नव्या माणसाला तीच सोपी. पट्ट्याच्या मोकळ्या भागाला बोटाने छेडायचं आणि वारंवारता मोजायची. त्यासाठी मीटर मिळतात. शांत जागी मोबाईलचं ॲपही अंदाज देतं. सूत्र असं: ताण = ४ × प्रतिमीटर वस्तुमान × मोकळ्या लांबीचा वर्ग × वारंवारतेचा वर्ग. पट्टा मीटरला ०.१ किलो, मोकळी लांबी ०.५ मीटर आणि वारंवारता ४० हर्ट्झ असेल तर ताण १६० न्यूटन. लांबी दोन पुल्यांच्या मध्यांतराची नव्हे, पट्टा पुलीला जिथे सुटतो तिथपासून जिथे टेकतो तिथपर्यंतची धरायची. वारंवारतेचा वर्ग येतो, म्हणून ती १० टक्के कमी आली तर ताण १९ टक्के कमी आहे.

पुली थोडी थोडी फिरवून ३-४ जागी मोजा. वाचन प्रत्येक वेळी वेगळं येत असेल तर पुली विकेंद्री (मध्य सोडून फिरणारी) आहे किंवा शाफ्ट वाकलेला आहे. मग ताण कुठल्याही आकड्यावर आणला तरी एका बाजूला सैल आणि दुसऱ्या बाजूला घट्ट असंच चालेल. आधी डायल इंडिकेटरने पुलीची डगमग तपासा.

गाडीच्या इंजिनात थोडं वेगळं

कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) चालवणाऱ्या पट्ट्याला "दिसायला चांगला आहे" हा निकष लागू नाही. आधुनिक पट्ट्यातले दोरे थकले तरी बाहेरून खूण दिसेलच असं नाही. म्हणून वाहनाच्या पुस्तिकेतला किलोमीटर आणि वर्षांचा हिशेब पाळायचा, यातलं जे आधी येईल ते. टेन्शनर, आयडलर (भार न चालवता पट्ट्याला नुसता आधार देणारी पुली) आणि तो पट्टा फिरवत असलेला पाण्याचा पंप सोबतच बदललेले बरे. आयडलरचं बेअरिंग अडकलं तरी नवा पट्टा जातो. ज्या इंजिनात व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांच्या वाटेत येतात तिथे पट्टा काढल्यावर क्रँक किंवा कॅम मनाने फिरवायचं नाही, पुस्तिकेतल्या खुणा जुळवूनच पुढे जायचं.

नवा पट्टा चढवताना

पट्टा पुलीवर सरळ, हाताने सरकवा. बोटांनी बसत नसेल तर मध्यांतर आणखी कमी करा. सैल असतानाच हाताने पूर्ण २-३ फेरे फिरवून दाते नीट बसू द्या, मग ताण द्या, बोल्ट आवळा, अलाइनमेंट आणि ताण पुन्हा वाचा. आयडलर असेल तर तो सैल बाजूलाच हवा. पाठीवरून चालणारा आयडलर सपाट आणि मोठ्या व्यासाचा असावा, कारण पट्ट्याला उलटं वाकवलेलं सहन होत नाही.

पहिल्या काही तासांच्या कामानंतर मशीन थंड होऊ द्या आणि ताण पुन्हा मोजा. ते वाचन, तारीख, पट्ट्याचा कोड आणि जुन्या पट्ट्यावर सापडलेली खूण गार्डच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या कार्डावर लिहा. जुना पट्टाही पाठीवरच्या खडूच्या खुणांसकट, सैल गुंडाळी करून जपून ठेवा. पुढचा पट्टा लवकर गेला तर दोन्ही शेजारी पसरा आणि इजेची जागा तीच आहे का, दात्याची बाजू तीच आहे का, ते पहा. तीच असेल तर कारण अजून मशीनमध्येच आहे. अशा वेळी नवीन पट्टा मागवण्याआधी बेसचे बोल्ट, बेअरिंग आणि पुलीचा व्यास या क्रमाने सुरुवात करा.